बिनतारी पाट

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर १८८५ च्या सुमारास या कालव्याने नीरेचे पाणी बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या माळांवर खेळू लागले. ते बारामतीकडे आधी येते, आमच्याकडे मागाहून. त्यामुळे आमच्या गावातल्या लहान मुलालाही एक गोष्ट ठाऊक असते : कालव्याला पाणी सुटले म्हणजे ते आपल्या पिकाला मिळालेच, असे नव्हे. मध्ये कोठे पाट फुटलेला असतो, कोठे गवत माजलेले असते; आणि सारे ठीक असले, तरी शेवटी स्वतः शेतात उभे राहून दारे धरावी लागतात. हाच धडा साठी उलटल्यावर मला एका बारा वर्षांच्या मुलाने नव्याने दिला. आणि तोही शेतात नव्हे, संगणकापुढे!

२०२५ सालच्या जून महिन्यातील ही गोष्ट. आमच्या शेजारच्या शेतमजुराची मुलगी दहावीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. बारामतीच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकावे, अशी तिची मनीषा होती. त्या वर्षापासून साऱ्या राज्यातील अकरावीचे प्रवेश इंटरनेटवरून होऊ लागले होते. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी सायंकाळी संपणार होती. माझ्या फोनवर तिने अर्ज उघडून पाहिला. पण त्या इवल्याशा पडद्यावर महाविद्यालयांच्या नावांतील अर्धी अक्षरे दिसेनात. एखादा क्रम चुकला, तर पस्तावण्याची वेळ यायची! मी तिला ऐटीत म्हणालो, "उद्या सकाळी ये. माझ्या मोठ्या संगणकावर आपण सारे नीट भरू."

शब्द तर दिला. पण माझ्या संगणकाला इंटरनेट कोठे होते? इंटरनेटची तार आमच्या सोप्यापर्यंत आलेली. तेथे राउटर नावाची लहानशी पेटी ती माहिती बिनतारी लहरींवर स्वार करून घरभर पसरवते. संगणक मात्र माजघरापलीकडच्या खोलीत. त्या लहरी पकडण्यासाठी मी बारामतीहून बोटाच्या पेराएवढा एक वायफाय अडॅप्टर आणून ठेवला होता. रात्री तो मी संगणकाच्या पाठीमागे खोचला आणि त्यासोबत आलेली आज्ञावली संगणकात भरली. पडद्यावर आमच्या राउटरचे नाव क्षणभर उमटले आणि नाहीसे झाले. पुन्हा उमटले, तेव्हा मी घाईघाईने सांकेतिक शब्द घातला. संगणकाने तो नाकारला. मध्यरात्रीपर्यंत हाच खेळ चालला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात तारेवाचून विद्युतलहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवली, ही कथा मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली होती. परंतु कथा सांगणे निराळे आणि आपल्या घरची घंटा वाजवणे निराळे!

सकाळी ती मुलगी आली. सोबत तिचा धाकटा भाऊ होता. सहावीतला पोर, वडिलांबरोबर रात्री उसाला दारे धरायला जाणारा. माझा उतरलेला चेहरा पाहून मुलगी काही बोलली नाही. पण हातातली गुणपत्रिका तिने घट्ट धरली. मुलाने मात्र विचारले, "गुरुजी, पाणी कुठवर येतंय ते बघितलं का?"

मला प्रश्नाचा अर्थ उमगेना. तो म्हणाला, "शेताला पाणी येईना झालं, की आम्ही तोंडापासून पाटाच्या कडंनं चालत येतो. कुठं अडलंय, ते दिसतं."

त्याने माझा फोन मागून घेतला. फोनच्या कोपऱ्यात लहरींचा जोर दाखवणाऱ्या पंख्यासारख्या रेघा असतात. राउटरपाशी त्या पूर्ण होत्या. लोखंडी कपाट ओलांडताच दोनच उरल्या. माजघराच्या दीड हात जाड भिंतीमागे जेमतेम एक. शोभेला बाधा येऊ नये, म्हणून राउटर मी कपाटामागे जमिनीवर दडवला होता. लोखंड या लहरींना परतवते आणि जाड भिंत त्यांचा बराचसा जोर शोषून घेते. मुलाने राउटर उचलून माजघराच्या दाराशी उंच फळीवर ठेवला. संगणकाची लोखंडी पेटीही आडवी येत होती, म्हणून एक छोटी जोडतार लावून अडॅप्टर पाठीमागून पुढे आणला. पडद्यावर राउटरची दोन नावे दिसू लागली. एकाच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावणाऱ्या, दुसऱ्याच्या सुमारे ५०० कोटी वेळा. दुसरीचा वेग अधिक. पण भिंती ओलांडण्यात पहिली चिवट. आम्ही पहिली निवडली.

आता केवळ सांकेतिक शब्द उरला. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो छापलेला होता. मी वाचत गेलो, मुलगा कळा दाबत गेला. संगणकाने पुन्हा नकार दिला. मुलगा चिठ्ठी निरखून हळूच म्हणाला, "गुरुजी, हा ओ आहे का शून्य?"

"ओ आहे. रात्रभर मी तेच वाचतो आहे," मी चढ्या आवाजात उत्तरलो.

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याने मी चपापलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, फळ्यावर मी लिहिलेल्या एका शब्दाविषयी एका विद्यार्थ्याने अशीच शंका काढली होती. "खाली बैस!" एवढेच मी त्याला म्हणालो होतो. घरी जाऊन कोश पाहिला, तेव्हा चूक माझी निघाली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा शब्द निमूटपणे सुधारला. पण त्या मुलाला काही बोललो नाही. वर्षभरात त्याने पुन्हा कधी शंका विचारली नाही.

मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बाळ, माझी नजर चुकली असेल. तू म्हणतोस तसे करून पाहा."

त्याने शून्य घातले. क्षणभर काही झाले नाही. आणि मग फोनवर होत्या तशाच रेघा संगणकाच्या कोपऱ्यात उजळल्या. "आलं पाणी!" मुलगा ओरडला. आम्ही तिघेही हसलो. मुलीने एकेक नाव वाचून क्रम लावला, दोनदा तपासला, आणि दुपारी बाराच्या आत अर्ज रवाना झाला. पुढे तिला बारामतीला हवा तसा प्रवेश मिळाला.

मुलांनो, भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. तेव्हापासून ज्ञानाचा हा कालवा अखंड वाहतो आहे. परंतु पाणी शेपटापर्यंत पोहोचायचे, तर वाटेतील प्रत्येक अडथळा शोधावा लागतो. त्या दिवशी एक अडथळा लोखंडाचा होता, एक दगडमातीचा. ते दूर करायला घटकाभरही लागली नाही. तिसरा मात्र माझ्याच मनात होता, आणि तो माझ्याखेरीज कोणी दूर करू शकत नव्हते.

आजही कालव्याला पाणी सुटले, की तो मुलगा रात्री खोरे खांद्यावर टाकून आमच्या दारावरून जातो. मी त्याला हाक मारतो आणि विचारतो, "पाणी कुठवर आले?" तो थांबून उत्तर देतो, आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकतो.