खामगावची सोळा पाने

आमच्या वस्तीतल्या मुलींनी जयंतीसाठी सम्राट अशोकावर नाटक बसवले. राणीच्या वेशाला कमरपट्टा हवा होता. अजिंठ्याच्या चित्रांतल्या राजस्त्रियांच्या कमरेला असते तशी मेखला. म्हणून आम्ही बुलढाण्याहून एस.टी.ने निघालो. बोथ्याचा घाट, ज्ञानगंगेचे जंगल उतरले की खामगाव.

या गावाला रजतनगरी म्हणतात. पूर्वी ते कापसाच्या बाजारासाठी गाजले. 1870 साली जलंबहून येथवर रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. आता चांदीचे नाव मोठे. पण वर्गणीच्या पैशात चांदी कुठली? एका वृद्ध कारागिराने पितळी पत्र्याची पिंपळपाने करून द्यायचे कबूल केले. कंबर 28 इंच. दीड इंच रुंदीची 16 पाने, मधे पाव पाव इंचाची फट. हिशेब त्यांनी बोटांवरच केला.

आम्ही दिवसभर तिथेच बसलो. पत्रा लाल होईस्तोवर तापवायचा, निवला की खोलगट ठशावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा, मग हातोडा. शिसे मऊ असल्याने पत्र्याला ठशात दाबते आणि पानाच्या शिरा उठतात. ठोकून पितळ कडक होते, की पुन्हा शेगडी. पण त्याआधी शिशाचा कण न् कण पुसायचा. राहिला तर तापताना धातू खातो, भोक पडते. आमच्यासमोर एक पान असेच वाया गेले. मग कात्री, कानस आणि शेवटी चिंचेच्या पाण्यात धुणे.

घरी आजीने पट्टा पाहिला आणि तोंड फिरवले. "काहून पाह्यजे वं पोरी हे?" तिच्या सासूने हातापायांतले जड गिलटाचे दागिने एका दिवसात उतरवले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते, अंगावरच्या ज्या खुणांनी आपण अस्पृश्य म्हणून ओळखले जातो त्या टाका. ते सासूच्या कानी बऱ्याच वर्षांनी आले, पण तिने टाकलेले पुन्हा घातले नाहीत. आजीला गप्प कसे करावे, आम्हाला कळेना. तिचे चूक तरी कुठे होते?

मुलगी म्हणाली, "आजी, तो दागिना तिला कोणी घालायला लावला होता. हा माझ्या मापाचा आहे, नाटक संपलं की काढणार."

आजी काही बोलली नाही. तालमीला मात्र आली. राणी वळली की पाने उलटी होत, कारण आम्ही प्रत्येक पान वरच्या एकाच भोकातून शिवले होते. आजीने पट्टा मांडीवर घेतला, हातात तोलून पाहिला. "लय हलका हाय," म्हणाली, आणि खिळा मागितला. रात्री उशिरापर्यंत ती प्रत्येक पानाला खाली दुसरे भोक पाडून टाके घालत होती. सोळावे पान राहिले तेव्हा दिवे गेले.