आमची अनारकली

माणसाला एखादा छंद असावा, असे थोर लोक सांगून गेले. तो कुणाच्या पैशाने असावा, हे सांगायचे मात्र राहून गेले. आमच्या लासुर्ण्यात चार माणसे जमली की गप्पा उसावरून निघतात आणि कालव्याच्या पाण्यात बुडतात. अशा गावात बँकेतल्या एका कारकुनाला मूकपटांच्या लॉबी कार्डांचा नाद लागावा, याला ग्रहदशाच म्हणायची.

लॉबी कार्ड म्हणजे काय, ते आधी सांगतो; कारण आमचे शिपाई अजून तो एटीएम कार्डाचाच प्रकार समजतात. थिएटरच्या दाराशी काचेच्या कपाटात सिनेमातल्या प्रसंगांचे मोठे फोटो लावत, तेच हे. हॉलिवुडात ते अकरा बाय चौदा इंचांचे, आठ-आठांच्या संचात निघत. ते बघायचे आणि तिकिटाच्या रांगेत शिरायचे की घर गाठायचे, ते ठरवायचे. आपल्याकडे मूकपट निघाले तेराशेच्या आसपास आणि उरले बोटांवर मोजण्याइतके. फिल्म नायट्रेटची, भसकन पेटणारी. काही जळाली, काही सडली, काहींतली चांदी काढून घेतली. नायक-नायिका बागेत भेटली, इतके सांगायला एक पुठ्ठा शिल्लक. पुढे त्यांचे काय झाले, देव जाणे!

माझे दैवत सुलोचना. खरे नाव रुबी मायर्स, जन्म १९०७ चा, पुण्याचा. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली! आधी टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर बोलण्याची नोकरी सोडून न बोलण्यात नाव काढणारी एवढी एकच बाई माझ्या ऐकण्यात आहे. (हे वाक्य मी घरी एकदा मोठ्याने म्हटले. पुन्हा म्हटले नाही.) १९२८ च्या ‘अनारकली’त ती अनारकली. त्याचे कार्ड मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, चौकटीसकट, साडेतीन हजारांना.

हे साडेतीन हजार हिच्या शिलाई मशीनच्या मोटरसाठी काढून ठेवलेले होते. ही ब्लाऊज शिवते, आणि पायाने मशीन मारून मारून तिचे गुडघे धरलेत. मी म्हटले, ‘पुढच्या पगाराला मोटर नक्की.’ त्यावर घरात तीन दिवस मूकपट चालला. खऱ्या मूकपटात निदान मधून मधून संवादाच्या पाट्या तरी येत!

चौथ्या दिवशी, वाळवी आहे का ते बघायला हिने चौकट खोलली. पट्टीखाली झाकलेली कड बाहेर आली.

‘‘अहो, तुमची ही बाई बोलत नव्हती ना?’’

‘‘छे! मूकपट.’’

‘‘मग इथं ‘मधुर गाने’ कशाला लिहिलंय?’’

चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात माझी वीस वर्षे गेली. तेच भिंग आणून बघितले. गानेच होते. ‘आलम आरा’ आला १९३१ साली. त्याआधी गाने कुठले? हे कार्ड १९३५ च्या बोलपटाचे. इम्पीरियल कंपनी तीच, सुलोचना तीच, अनारकली तीच. फक्त सात वर्षांनी.

‘‘परत तोच सिनेमा कशाला काढला?’’

मग सांगावे लागले. बोलपट आले आणि बाईची पंचाईत झाली. हिंदुस्थानी धड येत नव्हती, काम थांबले. पण बाई रडत बसली नाही. भाषा शिकली आणि आपलेच गाजलेले मूकपट पुन्हा बोलून दाखवायला उभी राहिली. पुढे १९५३ च्या ‘अनारकली’तही ती होती. सलीमची आई म्हणून.

ही बराच वेळ कार्डाकडे बघत होती. ‘‘म्हणजे स्वतःचीच सासू व्हायची होती,’’ ती म्हणाली, ‘‘ते लग्नही मेलं झालं नाही.’’

चौकट आता मशीनवरच्या खिळ्याला आहे. मी हरकत घेतली नाही. ते बळ माझ्यात नव्हते. गिऱ्हाईक बायका वर बघून ‘अस्सीच बाही पाहिजे’ म्हणतात, आणि तसल्या बाहीचे ही तीस रुपये जास्त घेते. त्या तीस-तीस रुपयांतून दिवाळीला मोटर आली. माझा पगार झाला होता, पण मला कुणी विचारले नाही.

परवा पुण्याला निघालो, तर हिने डब्यातून हजार रुपये काढून हातावर ठेवले.

‘‘ते त्रेपन्न सालचं बघा, आईचं. आणि आधी कड बघून घ्या.’’