पांढऱ्यातला काळा डबा

१२ जानेवारी. पुण्यात पारा ९ वर आला म्हणून वॉचमनने शेकोटी पेटवली. तिच्याशेजारी हात शेकताना सियाचीनची पहाट आठवली. 'चीता' हेलिकॉप्टर सुरू करण्याआधी पात्यांवरून हातमोजा फिरवायचो. गोठलेल्या दवाचा पातळसा थरही पात्याची उचल खातो, आणि १८-२० हजार फुटांवर हवाच इतकी विरळ की मुळात उधळायला उचल नसतेच. तिथे रॉकेलचा एक जेरीकॅन जास्त न्यायचा का, यावर खल व्हायचा.

पण खरी परीक्षा उतरताना. खाली येताच पंख्याच्या वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उसळतो आणि दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखं होतं. वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही. कानातला तोल तर सर्रास खोटं बोलतो! म्हणून नजर एका काळ्या वस्तूवर रोवायची, अधांतरी रेंगाळायचं नाही, सरळ टेकायचं. टेकल्यावरही ताकद लगेच काढायची नाही. बर्फ एका बाजूने खचला तर यंत्र कलंडतं.

एकदा मी रेंगाळलो. हेलिपॅडच्या कडेचा काळा डबा दिसेनासा झाला. शेजारचा सहवैमानिक एवढंच म्हणाला, "सर, वर." गेलो. अहंकार जरा दुखावला, बाकी सगळं शाबूत राहिलं. बर्फ बसल्यावर पुन्हा आलो.

तो डबा रोज खणून वर काढून ठेवणाऱ्या जवानाचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.