तू हललीस!

गेल्या वर्षी बँकेतून माझा एक धनादेश परत आला. 'सही जुळत नाही', असा शेरा. मुलांची अक्षरे सुधारण्यात तीस वर्षे घालवलेल्या मुख्याध्यापकाला याहून मोठा टोला कोणता? घरी येऊन कोऱ्या कागदावर दहा सह्या केल्या. दहाही वेगळ्या! मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, पाण्याचा पेला उचलायला लावला आणि म्हणाले, "घबराने की बात नहीं, सर. ऐसा कंपन अक्सर खानदानी होता है. पिताजी को था क्या?"

मी ताडकन 'नाही' म्हणालो. ते उत्तर चुकले होते. पण चूक कळायला मला एक कॅमेरा विकत घ्यावा लागला.

आमचे वडील १९५६ साली नागपूरच्या सचिवालयातून भोपाळला आले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि फायलींच्या गठ्ठ्यांमागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. आमचे बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेले. उंबऱ्याच्या आत मराठी, फाटकाबाहेर हिंदी. वडिलांना एकच हौस, फोटो काढण्याची. माझ्या मामाने मस्कतहून त्यांच्यासाठी पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा आणला होता. छत्तीस फोटोंचा एक रोळ सहा-सहा महिने पुरवायचा, असा हिशेबी कारभार.

पण रोळ धुऊन आला की घरात हमखास वाद. निम्मे फोटो हललेले असत, आणि आईचे तर बहुतेक सगळेच. वडील चष्मा सावरत म्हणायचे, "तू हललीस!" आई पदराला हात पुसत म्हणायची, "हो, हलले असेन." पुढे आमच्या घरात ती म्हणच होऊन बसली. दूध उतू गेले, परीक्षेत गणित चुकले, स्कूटर घसरली, की आम्ही भावंडे एका सुरात ओरडायचो, "तू हललीस!"

वडील जाऊन आता बारा वर्षे झाली. आई पंचाऐंशीची आहे. यंदा अल्बम चाळताना लक्षात आले, की तिच्या ऐन संसारातल्या दिवसांचा एकही स्वच्छ फोटो आपल्याकडे नाही. निदान आता तरी एक काढावा. कपाटातून वडिलांचा कॅमेरा काढला, तर त्याचा पडदा अडकलेला. पुढची ५० मिलिमीटरची लेन्स मात्र आरशासारखी लख्ख. ती हातात घेतली आणि मनाने घेतले, फोटो काढीन तर याच काचेतून. मुले म्हणाली, "बाबा, मोबाईल आहे ना!" त्यांचे चूक नव्हते. पण काही हट्टांना कारण विचारू नये.

हट्टाला आडवा आला माझा हात. फ्लॅश मारायचा, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला झगमगाट सोसवत नाही. तिपाई लावायची, तर ती पाहून आई पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसते. म्हणजे कमी उजेडात, थरथरत्या हातांनी फोटो काढायचा.

न्यू मार्केटमधल्या दुकानदाराने दोन-तीन कॅमेरे पुढे मांडले. "लेन्स में ही स्टॅबिलायझेशन है, सर." तेवढ्यावर मी घेऊनही टाकला असता, पण बरोबर आमच्या शाळेचे भौतिकशास्त्राचे तरुण शिक्षक होते. त्यांनी खडू नसतानाही काउंटरवर बोटाने आकृती काढून मला शिकवले. हाताचा कंप आवरण्याच्या वाटा दोन. पहिलीत लेन्समधलीच एक काच हलते. कॅनन आणि निकॉन यांनी आपल्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी हीच धरली. दुसरीत कॅमेऱ्याच्या पोटातला, चित्र टिपणारा संवेदकच सरकतो. हात डावीकडे गेला हे आतल्या सूक्ष्म जायरोला कळते आणि विद्युतचुंबक संवेदकाला तेवढाच सरकवून चित्र जागेवर धरतात. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय प्रथम २००४ साली कोनिका मिनोल्टाने आणली. २००६ मध्ये सोनी आणि पेंटॅक्स आले. पहिल्या वाटेत प्रत्येक लेन्स तशी घ्यावी लागते. दुसरीत कोणतीही जुनी लेन्स चालते, कारण सावरणारा लेन्समध्ये नसून घरातच बसलेला असतो.

म्हणजे वडिलांची लेन्स चालणार! दुकानदार म्हणाला, "सर, अब तो सब बिना आईने वाले ले रहे हैं." खरेच होते. नव्या, बिनआरशाच्या कित्येक कॅमेऱ्यांत ही सोय असते. पण पेंटॅक्सची जुनी लेन्स पेंटॅक्सच्याच आरशाच्या कॅमेऱ्यावर मधे काही न जोडता बसते. शेवटी २०१६ साली बाजारात आलेला पेंटॅक्स के-७० मी वापरलेला घेतला. जुनी लेन्स लावून तो सुरू केला, की तो विचारतो, लेन्स किती मिलिमीटरची? ५० सांगायचे. आकडा चुकला, तर सावरणेही चुकते.

एक उणीव मात्र आधी माहीत असावी. लेन्समधली सोय असली, तर खिडकीतून दिसणारे चित्रही स्थिर होते. माझ्या कॅमेऱ्यात तसे नाही. डोळा लावला, की आपली थरथर आपल्याला दिसतच राहते. ती फक्त फोटोत उतरत नाही.

परीक्षा घ्यायला शाळेच्या सहलीबरोबर भीमबेटकाला गेलो. भोपाळहून जेमतेम ४५ किलोमीटर. १९५७ साली आपल्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी ही चित्रे जगापुढे आणली आणि २००३ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा ठरवले. एऱ्हवी या लेन्सने एक अष्टमांश सेकंदाचा फोटो धड हातानेही हलतो. सत्तराव्या-ऐंशीव्या भागापर्यंत तरी वेग हवा. पण खडकाच्या सावलीत मी तेवढ्यात टिपलेले हरणांचे कळप काठोकाठ स्वच्छ आले. माझा आनंद गगनात मावेना. पुढच्याच फोटोत आठवीची मुले मात्र धुक्यासारखी विरघळली होती. शिक्षक हसून म्हणाले, "सर, हा कॅमेरा आपला कंप सावरतो. समोरच्याची हालचाल नाही."

त्याच संध्याकाळी आई देवघरापाशी वाती वळत बसली होती. समईचा उजेड तेवढा. मी भिंतीला खांदा टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबले. पडद्यावर पाहिले. समई, तांब्या, आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या, सगळे कसे कोरल्यासारखे. फक्त तिची बोटे अस्पष्ट. कापूस आणि बोटे एकमेकांत मिसळून गेलेली.

मी आईला फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. मी सवयीने म्हणालो, "तू हललीस!"

"आज मात्र खरंच हलले हो," ती म्हणाली. मग हळूच पुढे, "तेव्हा कुठे हलत होते मी? श्वाससुद्धा घेत नव्हते. हात ह्यांचा कापायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"ऑफिसात सहीवरून एकदा साहेब बोलला होता त्यांना. घरी आल्यावर जेवले नव्हते. त्यावर मी आणखी कशाला बोलू? मी हलले म्हटलं की विषय मिटायचा."

तिने कापूस पुन्हा बोटांवर घेतला. मी आत जाऊन जुना अल्बम काढला आणि ते हललेले फोटो एकेक करून नीट पाहिले. आई सगळ्यांत ताठ बसलेली आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितले, "डॉक्टरसाहब, पिताजी को था."