समासातली पेन्सिल

पायथन ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या माझ्या पुस्तकाचा मसुदा मी तिघांना वाचायला दिला : एका मित्राला, आईला आणि नववीतल्या भाचीला. मित्राची वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये गेलेली. त्याचा अभिप्राय त्याच रात्री आला, "झकास! कुठे अडलोच नाही." मी खुशीत झोपलो. सकाळी लक्षात आलं, तो अडणार कसा? रोजच्या वाटेवरचे खड्डे त्याच्या पायांना पाठ आहेत.

आईचा गठ्ठा आठवड्याने परत आला. ती मराठीची निवृत्त शिक्षिका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून थांबेल, असं मला वाटलं होतं. 'यादीतली मोजणी अर्थात शून्यापासून सुरू होते' असं मी एके ठिकाणी लिहिलं होतं. तिने 'अर्थात'भोवती गोल केला होता. "अर्थात कसं? पहिल्याला शून्यावा म्हणतात, हे मला कुणी सांगितलं होतं?" मी गप्प. मग तीच म्हणाली, "आपण तळमजल्यावर राहतो आणि आपल्या डोक्यावरचे पहिल्या मजल्यावर. तसंच का रे हे?" तसंच होतं. आपण कितवे, हे तो आकडा सांगतच नाही. किती जिने चढलो, ते सांगतो. माझी अडीच पानं आईने एका जिन्यात आटोपली.

त्या रात्री मी मसुद्यातले 'अर्थात', 'सहज' आणि 'फक्त' शोधत बसलो. जिथे समजावायचा कंटाळा केला होता, नेमके तिथेच ते दबा धरून बसले होते.

भाचीची पेन्सिल सगळ्यांत निर्दय. 'क्ष = क्ष + १' या ओळीवर तिने सरळ फुली मारली होती. समासात लिहिलं होतं, "मामा, चूक. दोन्हीकडचा क्ष गेला की ० = १ उरतं." बीजगणित तिने चोख लावलं होतं. बरोबरीच्या या दोन रेघा रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली पुस्तकात आणल्या. सारख्या लांबीच्या समांतर रेघांहून अधिक सारखं काय असणार, हा त्याचा विचार. चारशे वर्षांनी, १९५७मध्ये, फोरट्रान या संगणकाच्या भाषेने त्यांना निराळ्याच कामाला जुंपलं : उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या डब्यात ठेव. नंतरच्या पास्कल भाषेने निदान आधी विसर्गासारखी दोन टिंबं देऊन भीड राखली. पायथनने तीही ठेवली नाही. दोन गोष्टी समान आहेत का, हे विचारायचं तर तिथे चिन्ह दोनदा लिहावं लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पुस्तकात मात्र नव्हतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २००८पर्यंत २.५६ डॉलरचा चेक देत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या मोजणीत बरोबर शंभर. तोच दर मी भाचीला रुपयांत कबूल करून बसलो होतो. तिच्या खुणा भरल्या ४१. रविवारी ती १०४ रुपये ९६ पैसे मागायला आली. हिशेब माझंच पुस्तक वाचून, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने काढला होता. तिच्या वहीतली ओळ न् ओळ मी पेन्सिल घेऊन तपासली.

एकही खूण करता आली नाही.