बाबांची सीडी हंड्रेड आणि एक पॅकिंग

बाबा उद्यमबागेत टर्नर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण १९९१ साली घेतलेली हिरो होंडा सीडी हंड्रेड अजून त्यांच्याकडेच आहे. शहापूरची भाजी, शनिवारचा मारुती, सगळं तिच्यावरच. म्हणून "हे दोन महिने गाडीला हातच लावत नाहीत रे," असं आई फोनवर म्हणाली, तेव्हा मी लगेच बंगळूरहून बेळगावला आलो.

झालं होतं असं. गंजून भोक पडलेला सायलेन्सर बाबांनी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. त्यानंतर गाडी चालू असताना इंजिनातून टक्-टक् आवाज आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागे फटाके. गॅरेजवाल्याने सांगितलं, व्हॉल्व्ह गेले, इंजिन खोलावं लागेल. बाबांनी गाडीवर चादर टाकली आणि भंगारवाल्याला बोलावू म्हणाले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणूस गाडीबद्दल असं बोलतो, तेव्हा तो फक्त गाडीबद्दल बोलत नसतो, असं मला वाटलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात, काल चाललेली गोष्ट आज बिघडली तर मधे काय बदललं ते आधी पाहतात. इथे बदललं होतं फक्त सायलेन्सर. मग इंजिन कशाला खोलायचं?

बेंड पाईप इंजिनच्या हेडला दोन स्टड-नटांनी बसतो आणि मधे एक गोल पॅकिंग असतं. तिथे फट राहिली, की जळालेला वायू धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. तो आवाज अगदी टॅपेटसारखा वाटतो. दोन धक्क्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल या हवेत पाईपमध्येच पेटतं. ते फटाके!

इंजिन थंड असताना मी सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं. बाबांनी किक मारली आणि खालच्या बाजूला बुडबुडे आले. (काही जण उदबत्तीचा धूर धरून बघतात. पेट्रोलच्या टाकीखाली पेटती उदबत्ती मला पटत नाही.) बाबा वाकून बघत राहिले. मग स्वतःच आत जाऊन पान्यांची पेटी घेऊन आले.

नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं, कारण गंजलेला स्टड तुटला तर खरंच हेड काढावं लागतं. पाईप उतरवल्यावर आत टॉर्च मारला. जुनं पॅकिंग काजळीत इतकं चिकटलं होतं, की ते हेडचाच भाग वाटावं. त्यावरच नवं चढवलेलं! बाबांनी ते अलगद उचकटलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ओरखडा पडला की पुन्हा गळती. त्यांचा हात हल्ली थरथरतो. त्या दहा मिनिटांत थरथरला नाही.

बसवताना नवंच पॅकिंग घ्यावं. एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसत नाही. दोन्ही नट आधी हातानेच लावायचे, मागचा सायलेन्सरचा बोल्टही ढिलाच ठेवायचा. मागचा आधी आवळला तर पाईप तिरपा ओढला जातो आणि पुढे एका बाजूला फट राहते. मग पुढचे नट आळीपाळीने थोडे-थोडे, शेवटी मागचा. मी जोर लावायला लागलो तशी बाबांनी मनगट धरलं. "बास की! आटे गेले तर काय करशील?"

पाच मिनिटं गाडी अंगणातच चालवली, कारण सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद खोलीत गाडी कधीच चालू ठेवू नये. पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले, तर पाव फेरा बसले. आवाज गेला होता.

संध्याकाळी बाबा शहापूरला जाऊन मेथी घेऊन आले. आता शेजारच्या काकांच्या गाडीचाही आवाज त्यांना बरोबर वाटत नाहीये. येताना दोन पॅकिंग जास्तीची आण, असा निरोप आहे.