हात माझे, शब्द तुझे

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाची कथा आहे. त्या कथेतला 'इफ्फाथा' हा अरामी शब्द आपल्या स्मरणात राहतो. त्या शब्दाआधी काय घडते? लोक त्या माणसाच्या वतीने विनवणी करीत असतात. प्रभू येशू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू आधी हातांनी आणि चेहऱ्याने बोलतो. हा बारकावा माझ्या ध्यानात आणून दिला आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीने. त्या वेळी ती सांकेतिक भाषेच्या दुभाषी अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी होती.

हा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. सुट्टीत घरी आली की ती मला भेटत असे आणि आपले अनुभव सांगत असे. पहिला धक्का शांततेचा होता. शिकवणारे शिक्षक स्वतः कर्णबधिर; वर्गात आवाजाने बोलायचे नाही. वर्गातल्या साऱ्या ऐकू येणाऱ्या मुली पहिले काही आठवडे मुक्या झाल्या होत्या. "फादर, कर्णबधिर माणसाला रोज बाजारात, बँकेत, चर्चमध्ये कसे वाटत असेल ते तेव्हा कळले," असे ती म्हणाली.

दुसरा धक्का व्याकरणाचा. ही भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी वाक्यातील एकेका शब्दाची खूण नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो: 'तू राहणे कुठे?' होकार-नकाराचा प्रश्न असेल तर भुवया उंचावतात. चेहरा हलला नाही तर प्रश्न प्रश्नच राहत नाही. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश तयार केला. परंतु कोश पाठ करून कोणी दुभाषी होत नाही.

या भाषेने पुष्कळ अवहेलना सोसली आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिरांकडूनच त्यांच्या खुणा शिकून घेतल्या व त्यांच्यासाठी शाळा काढली. पुढे १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि जगभर मुलांचे हात बांधले गेले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. आपल्या मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी पहिली शाळा १८८५ मध्ये कॅथोलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली, हेही आपण विसरू नये.

एकदा तिने मला विचारले, "फादर, 'कृपा' म्हणजे नेमके काय? अक्षरे बोटांवर दाखवता येतात. मला अर्थ दाखवायचा आहे." गुरुविद्यालयात आम्ही कृपेचे प्रकार पाठ केले होते, त्यांतला एकही तिच्या हातांना उपयोगी पडेना. शेवटी आम्ही धर्मग्रामातील एका कर्णबधिर सुतारकाकांना बोलावले. तिने प्रसंग रंगवून सांगितला. ते थोडा वेळ विचारात पडले. मग त्यांनी दोन खुणा केल्या: 'मागितले नाही', 'दिले'. कोशातला तो शब्द नसेल, पण त्या दिवशी आम्हा दोघांना तो पुरला. भाषा ज्यांची आहे, त्यांच्याकडेच शब्दासाठी जावे लागते, हा धडाही तिला मिळाला.

तथापि सर्वांत कठीण धडा 'मी' या शब्दाचा. दुभाषी 'त्या असे म्हणतात' असे म्हणत नाही. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाषीही 'मी' म्हणते. काही घालायचे नाही, काही गाळायचे नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी ती एका अनुभवी दुभाषीबरोबर इस्पितळात गेली. एका कर्णबधिर मातेच्या तपासणीचा निष्कर्ष यायचा होता. डॉक्टरांनी कर्करोगाचे नाव घेताच मुलगा हळूच म्हणाला, "आईला एवढे सगळे सांगू नका." अनुभवी दुभाषीने डॉक्टरांचे वाक्य खुणांनी सांगितले आणि मुलाचेही. त्या मातेने मुलाकडे पाहिले, त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने प्रश्न केला. तो आवाजात मांडण्याची पाळी आमच्या मुलीची होती: "माझ्याजवळ किती दिवस आहेत?" डॉक्टर तिच्याकडे पाहू लागले. तिने हाताने मातेकडे निर्देश केला. त्या रात्री तिला झोप आली नाही. स्वतःच्या तोंडून निघालेला तो 'माझ्याजवळ' तिला छळत राहिला.

मुलगा निष्ठुर नव्हता. आपणही आपल्या माणसांवरील मायेपोटी असेच वागतो. परंतु आयुष्यभर दुसऱ्यांनी गाळून दिलेलेच ज्याच्या वाट्याला आले, त्याला निदान आपल्या मरणाची वार्ता तरी पूर्ण मिळायला हवी.

ख्रिस्तसभेच्या कायद्याने हा विश्वास फार गांभीर्याने घेतला आहे. दुभाषीच्या साहाय्याने पापनिवेदन करण्यास कोणालाही मनाई नाही, असे कलम ९९० सांगते. आणि कलम ९८३ नुसार धर्मगुरूप्रमाणे त्या दुभाषीलाही गुप्तता पाळण्याचे बंधन आहे. म्हणजे जी मुलगी इस्पितळात उभी राहायला शिकते, ती त्या संस्काराच्या उंबरठ्यापर्यंत दुसऱ्याचे ओझे वाहायला सिद्ध होत असते.

प्रत्येक घरातून दुभाषी निघणार नाहीत, याची मला जाणीव आहे. पण धर्मग्रामातील एखाद्या मुलाने वा मुलीने हा मार्ग धरावा, असे आईवडिलांनी सुचवायला काय हरकत आहे? मिस्साबलिदानात दुभाषी उजेडात, वेदीजवळ उभी राहावी आणि कर्णबधिरांना समोरचा बाक मिळावा, एवढे तर आम्ही धर्मगुरू करू शकतो. आणि घरी जेवताना सगळे हसत असता कर्णबधिर भावाने 'काय झाले?' असे खुणेने विचारले, तर 'नंतर सांगतो' म्हणून त्याला टाळू नये. घास हातातून खाली ठेवावा आणि त्याला तेव्हाच सांगावे.